नोराची सही आणि तारीख

इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' (१८७९) या नाटकावरच्या लेखात म्हटलंय, त्यातली भोळी नोरा शेवटच्या अंकात अचानक बदलते आणि नवरा-मुलांना सोडून जाते. हे पटलं नाही. पहिल्याच अंकात तिची जुनी मैत्रीण लिंडेबाई तिला सांगतात की नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज घेता येत नाही. सगळा पेच तिथे आहे. आजारी नवऱ्याला इटलीला न्यायला ४८०० क्रोनर हवेत, म्हणून ती हमीदार म्हणून वडिलांची सही स्वतःच करते. वडील वारले २९ सप्टेंबरला आणि सहीखाली तारीख पडली २ ऑक्टोबर! कर्ज देणारा क्रोग्स्टाड नेमकं तिथेच बोट ठेवतो.

पुढे हप्ते फेडायला ती कपड्यांच्या पैशांतून निम्मे बाजूला काढते, हिवाळ्यात दार लावून रात्री उशिरापर्यंत नकलून देण्याचं काम करते. ही बाई भोळी कशी? प्रयोगात पहिला अंक नुसता खिदळत केला की तिसरा उपरा वाटतो, हा दोष दिग्दर्शनाचा.

घरच्या पत्रपेटीची किल्ली फक्त तिच्या नवऱ्याकडे, हेल्मरकडे असते, हेही बघा. आणि कर्जरोखा परत आल्यावर तो ओरडतो, 'मी वाचलो!' त्यावर तिचा प्रश्न: 'आणि मी?' मनाने घर ती त्या क्षणीच सोडते, बाहेर पडतानाचं दार नंतर वाजतं.

१८८० साली जर्मनीत नायिकेच्या नटीने मुलांना सोडून जायला नकार दिला, तेव्हा इब्सेनने नाइलाजाने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दारात कोसळते आणि राहते. लेखात याचा उल्लेख हवाच होता.