ओहम, पी०३३५ आणि बाटलीभर पाणी: क्रँक सेन्सरबद्दलच्या एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या महिन्यात माझ्या आतेभावाने, म्हणजे घरात सगळे ज्याला दादा म्हणतात त्याने, माझ्यासमोर टेबलावर दोन कोरे क्रँक सेन्सर (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा कोणत्या स्थितीत आहे हे ओळखणारे भाग) ठेवले आणि दोन्ही बनावट निघाल्याचे जाहीर केले. बनावट कशावरून, असे विचारताच त्याने मल्टिमीटर काढला, त्याची टोके सेन्सरच्या पिनांना लावली आणि मीटरचा पडदा माझ्याकडे वळवून म्हणाला, "बघ, काहीच दाखवत नाही. पाचशे ते हजार ओहम यायला हवेत." ओहम म्हणजे विजेला होणारा रोध मोजण्याचे एकक. हा आकडा कुठला, असे विचारल्यावर त्याने फोन पुढे केला. 'क्रँक सेन्सर पाच मिनिटांत ओळखा' या मथळ्याचा तो संदेश मला त्याआधी तीन गटांतून आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता पुसून टाकला होता. तो घरातच येऊन बसल्यावर मात्र वाचणे भाग पडले.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. क्रँक सेन्सर नेहमी इंजिनाच्या पुढच्या बाजूस, पुलीशेजारी असतो. इंजिन गरम झाल्यावर गाडी बंद पडत असेल तर दोष शंभर टक्के त्याचाच. सेन्सर काढून ओहम मोजावेत. आकडा ५०० ते १०००च्या बाहेर गेला किंवा आलाच नाही, तर सेन्सर गेला. स्कॅनरवर, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी०३३५ हा कोड दिसला तर मोजायचीही गरज नाही, सरळ बदलावा. गाडी रस्त्यात बंद पडली तर सेन्सरवर बाटलीभर गार पाणी ओतावे, आणि ती सुरू झाली की निदान पक्के समजावे. नवा सेन्सर बसवताना त्याची बैठक थोडी घासून तो दात्यांच्या आणखी जवळ सरकवावा, म्हणजे 'सिग्नल जोरात येतो'. शेवटी अर्थातच, 'मेकॅनिक तुम्हाला हे सांगणार नाहीत, पुढे पाठवा.'

ओहमचा मुद्दा आधी घेतो, कारण टेबलावरचे ते दोन सेन्सर त्याचेच बळी आहेत. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा; त्याच्याबरोबर एक दातेरी चाक फिरत असते. पुष्कळ इंजिनांत त्यावर ६० दात्यांची जागा असते आणि त्यांपैकी दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे प्रत्यक्षात दाते ५८ आणि दर दात्यामागे ६ अंश; काही इंजिनांत ३६ पैकी एक दाता गाळलेला असतो. ही रिकामी जागा सेन्सरसमोरून गेली की क्रँकशाफ्ट कोणत्या कोनात आहे हे इसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळते, आणि ठिणगी कधी द्यायची व इंधन कधी सोडायचे याचा हिशेब तिथून मांडला जातो. हे दाते मोजण्याच्या दोन रीती प्रामुख्याने आढळतात. पहिल्या प्रकारच्या सेन्सरमध्ये चुंबकाला तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे घातलेले असते. दाता समोरून सरकला की वेटोळ्यात आपोआप एसी व्होल्टेज निर्माण होते. त्याला बाहेरून वीज लागत नाही आणि सहसा दोनच वायरी असतात. तिसरी असली तर ती बहुधा संरक्षक जाळीची. दुसरा प्रकार हॉल सेन्सरचा. त्यात एक छोटी इलेक्ट्रॉनिक चिप असते, तिला ५ किंवा १२ व्होल्टचा पुरवठा, अर्थ (बॅटरीच्या ऋण बाजूची जोडणी) आणि सिग्नल अशा तीन वायरी लागतात आणि तिच्याकडून एसी लहर नव्हे तर चौकोनी स्पंदने मिळतात.

पहिल्या प्रकारात ओहम मोजण्याला अर्थ आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. वेटोळे तुटलेले असेल तर मीटरवर आकडा येणार नाही, आतल्या आत शॉर्ट झाले असेल तर तो फारच कमी येईल. पण तिथेही ५०० ते १००० ही लक्ष्मणरेषा कोणी आखली? वेटोळ्याचा रोध बनावटीप्रमाणे बदलतो. काही सेन्सर दोन-तीनशे ओहमचे असतात, तर काही हजाराच्या बरेच वर. शिवाय तापमान एका अंशाने वाढले की तांब्याचा रोध सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांना ८६० ओहम दाखवणारे निर्दोष वेटोळे ८० अंशांना साधारण १०६० दाखवील. संदेशाच्या हिशेबाने तोच सेन्सर सकाळी चांगला आणि गाडी चालवून आल्यावर निकामी. उलट, आकडा अगदी बरोबर आला तरी तारेतली बारीक चीर गरम झाल्यावर उघडत असेल तर थंड सेन्सरवर ती सापडणारच नाही.

हॉल सेन्सरच्या बाबतीत ही कसोटी निव्वळ हास्यास्पद आहे, कारण आत मोजण्याजोगे वेटोळेच नाही. ओहमच्या मापावर मीटरची टोके एका दिशेने लावली तर काहीच दिसत नाही, उलटी लावली तर कदाचित लाखांतला एखादा आकडा दिसतो, आणि दोहोंवरून सेन्सरच्या प्रकृतीबद्दल काहीही ठरत नाही. दादाच्या गाडीतला सेन्सर तीन वायरींचा आहे. जुन्यावर आकडा आला नाही म्हणून त्याने नवा आणला. नव्यावरही आला नाही, तेव्हा तो बसवून पाहण्याऐवजी दुकानदाराशी भांडण झाले आणि दुसऱ्या दुकानातून आणखी एक आला. त्यावरही आला नाही. तीन सेन्सर अगदी सारखे वागत असताना मोजण्याची रीतच चुकत असेल, अशी शंका यायला हवी होती. पण सगळा बाजार खोटा ठरला आणि संदेश तेवढा खरा राहिला. याच संदेशाच्या एका लांबवलेल्या आवृत्तीत ओहम न आल्यास सेन्सरला थेट बॅटरी लावून पाहण्याचा सल्ला आहे. पाच व्होल्टवर चालणाऱ्या चिपला बारा व्होल्ट दिले तर चांगला सेन्सरही जाण्याची शक्यता पुरेपूर, आणि मग निदान खरे ठरल्याचे समाधान तेवढे पदरात पडते.

सेन्सर तपासायचा तो जागेवर बसलेला असताना, आणि त्याच्याकडून सिग्नल येतो की नाही एवढेच पाहायचे. दोन वायरींचा असेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारावा. त्या मंद गतीला व्होल्टेज थोडेच येते, पण येते, आणि गती वाढली की तेही वाढते. मीटरला फ्रिक्वेन्सी मोजता येत असेल तर उत्तमच: ६० दात्यांच्या जागेचे चाक मिनिटाला २५० फेऱ्यांनी फिरत असेल तर आकडा २५० हर्ट्झच्या आसपास दिसायला हवा. हॉल सेन्सरमध्ये आधी पुरवठा आणि अर्थ येतो का ते पाहावे आणि मग सिग्नलच्या वायरवर डीसी व्होल्ट मोजावेत. या वायरवर बहुधा इसीएमकडूनच ५ व्होल्ट दिलेले असतात. सेन्सर ती वायर अर्थशी जोडतो आणि सोडतो, एवढेच त्याचे काम. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँकशाफ्ट हळूहळू फिरवला, तर मीटरवर पाच, शून्य, पाच, शून्य असे आकडे एकाआड एक येताना डोळ्यांनी दिसतात. इग्निशन चालू ठेवून हे करायचे असल्यामुळे इंजेक्टरचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर आधी काढून ठेवणे सक्तीचे आहे. हातात पाना असताना इंजिनाने अचानक उचल घेतली तर मनगट शिल्लक राहणार नाही. ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची लहर पडद्यावर काढून दाखवणारे यंत्र, असेल तर याहून नेमके काम होते, कारण वाकलेला दाता किंवा सेन्सरच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडी कीस लहरीच्या आकारात ओळखू येतो, मीटरवर येत नाही.

आता गरम झाल्यावर बंद पडण्याविषयी. क्रँक सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो, हे खरे आहे आणि अनेक गाड्यांत दिसते. 'शंभर टक्के' मात्र खरे नाही, कारण झिजलेला इंधन पंप, कमकुवत झालेली इग्निशन कॉइल आणि आतला सांधा सैल झालेला मुख्य रिले, हे तिघेही हुबेहूब असेच वागतात. याच कारणाने पाण्याच्या बाटलीचा प्रयोग काहीही सिद्ध करत नाही. गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचे, सेन्सर शोधायचा, पाणी आणायचे, यात दहा-पंधरा मिनिटे सहज जातात, आणि तेवढ्या वेळात सेन्सरबरोबर पंप, कॉइल आणि रिलेही निवालेले असतात. गाडी सुरू होते ती त्या चौघांपैकी कोणामुळे, हे पाणी सांगत नाही. कारागीर फवारा मारून फक्त सेन्सर थंड करून पाहतात ही गोष्ट खरी, पण ते त्याच वेळी स्कॅनरवर किंवा मीटरवर सिग्नल परत येतो का ते पाहत असतात. बाटलीभर पाणी फक्त सेन्सरवर पडत नाही. ते कनेक्टरमध्ये शिरते, तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडले तर वाफेने हात भाजतो आणि ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो. पाण्याऐवजी बंद पडलेल्या अवस्थेतच सेल्फ मारून स्कॅनरवर आरपीएम पाहावा. इंजिन फिरते आहे आणि आरपीएम शून्य आहे, तर इसीएमला क्रँकचा सिग्नल मिळत नाही. आकडा दिसतो आहे, तर बहुधा शोध दुसरीकडे घ्यायचा. संशय कुठे ठेवायचा ते एवढ्यावरून बऱ्यापैकी कळते, आणि यात हातही भाजत नाही.

सेन्सरच्या जागेबद्दलचे विधान अर्धवट आहे. पुलीमागे तो असतो, तसाच इंजिनाच्या मागच्या बाजूस, गिअरबॉक्स जिथे जोडला जातो तिथे फ्लायव्हीलवर रोखलेला असतो, आणि काही इंजिनांत दातेरी चाक ब्लॉकच्या आतच असल्याने ब्लॉकच्या कुशीतही असतो. वर हेडजवळ दिसणारा, दिसायला तसाच असलेला सेन्सर बहुतेक वेळा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) असतो, आणि पुलीशेजारी काही सापडले नाही म्हणून तो काढून बदलणारे लोक मी पाहिले आहेत. आपल्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत जागा दिलेली असते. तिथे पोचण्यासाठी स्टार्टर उतरवावा लागणार असेल तर आधी बॅटरीची ऋण तार सोडवावी.

बैठक घासण्याबद्दल एवढेच की सेन्सर आणि दाता यांच्यातले अंतर मुळातच मिलिमीटरभराच्या आसपास ठेवलेले असते. ते कमी केले आणि टोक दात्याला लागले, तर पहिल्याच फेरीत सेन्सर जातो आणि कदाचित दाताही.

राहिला कोड. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२०१२ या मानकात या कोडांच्या व्याख्या दिलेल्या आहेत, आणि त्यात पी०३३५ची व्याख्या 'क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर ए सर्किट' अशी आहे. शेवटचा शब्द 'सर्किट' आहे. त्यात सेन्सर येतो, तसेच कनेक्टर, वायरी, अर्थ आणि इसीएमची त्या बाजूची जोडणीही येते. त्याच यादीत पुढे सिग्नलच्या गुणवत्तेसाठी पी०३३६, सिग्नल प्रमाणाबाहेर खाली राहिला तर पी०३३७, वर राहिला तर पी०३३८ आणि अधूनमधून तुटत असेल तर पी०३३९ असे वेगळे कोड आहेत. सेन्सर खराब असल्याचे यांपैकी एकही सांगत नाही. मानक लिहिणाऱ्यांनी 'सेन्सर बदला' असे लिहिण्याचे टाळले आहे; ते धाडस संदेश लिहिणाऱ्याने केले.

दादाच्या गाडीतही पी०३३५च होता. दोन्ही नवे सेन्सर बनावट ठरवून त्याने जुनाच परत बसवला होता आणि गाडी पूर्वीसारखीच अर्ध्या तासाने बंद पडत होती. ती बंद पडली की हात न लावता मला फोन कर, असे मी त्याला बजावले, आणि त्याने चक्क ऐकले. मी पोचलो तेव्हा इंजिन तापलेलेच होते. सेल्फ मारला, स्कॅनरवर आरपीएम शून्य. मग सेन्सरचा कनेक्टर सोडवला, इग्निशन चालू केले आणि वायरिंगकडच्या तिन्ही पिना मोजल्या. पुरवठा ठीक होता, अर्थ ठीक होता, पण जिथे इसीएमकडून ५ व्होल्ट यायला हवे होते त्या सिग्नलच्या पिनवर शून्य होते. सेन्सर या वेळी जोडलेलाच नव्हता, त्यामुळे हे शून्य त्याच्यामुळे असणे शक्यच नव्हते. इग्निशन बंद करून वायरिंगचा जुडगा चाचपत वर गेलो, तर एका ब्रॅकेटच्या धारेवर तो टेकलेला होता आणि तिथे सिग्नलच्या वायरचे आवरण घासून तांबे उघडे पडले होते. थंड असताना वायर धातूपासून केसभर दूर राहत होती. गरमीने आवरण मऊ झाले की ती ब्रॅकेटला टेकत होती. पुन्हा इग्निशन चालू करून जुडगा बोटाने जरा उचलला, आणि मीटरवर पाच व्होल्ट आले. दादाने तो आकडा दोनदा वाकून पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे सेन्सर चांगला होता?"

वायर सांधली, वरून जाड नळी चढवली आणि जुडगा ब्रॅकेटपासून दूर बांधला. दोन कोऱ्या सेन्सरपैकी एक दुसऱ्या दुकानदाराने परत घेतला. पहिल्याशी भांडण झालेले असल्यामुळे तिथे परत जायला दादा तयार नाही, म्हणून तो सेन्सर डिकीत पडून आहे. इंजिनावर अजूनही गाडीबरोबर आलेला मूळ सेन्सर आहे, ओहमच्या मापावर काहीच न दाखवणारा.