कोट्याला नको, कोल्ट करा!

पोरगं पुस्तकाला हात लावत नाही म्हणून त्याला कोट्याला धाडायच्या विचारात आहात? जरा दम धरा. त्याच्यात सॅम्युएल कोल्टची लक्षणं असू शकतात. कोल्ट म्हणजे रिव्हॉल्व्हरवाला. जन्म १८१४चा, गाव अमेरिकेतलं हार्टफर्ड.

सुरुवात स्फोटापासून करा. ४ जुलै १८२९ला चौदा वर्षांच्या सॅमने वेअर गावच्या तळ्यातला तराफा आभाळात उडवून दाखवतो, अशी चक्क जाहिरात केली. गाव नटूनथटून जमलं. बार उडाला आणि लोकांच्या सणाच्या कपड्यांवर तळ्यातला चिखल बसला. चवताळलेल्या गर्दीतून त्याला म्हणे एलिशा रूट नावाच्या तरुण कारागिराने वाचवलं. हाच रूट पुढे कोल्टच्या कारखान्याचा सर्वेसर्वा झाला! तेव्हा तुमच्या बाळाने चिखल उडवण्याआधी गर्दीत असा एखादा रूट उभा आहे ना, एवढं पाहून घ्या.

मग शाळा. ती दारूकामाचे उद्योग करून सोडायची. सॅमने तेच केलं आणि वडिलांनी त्याला १८३०मध्ये बोस्टनहून कलकत्त्याला निघालेल्या ‘कॉर्व्हो’ जहाजावर चढवलं.

आता खरी गोम. शोधकाला स्फूर्ती लागते आणि ती खानदानी लागते. सॅमला ती जहाजाच्या चाकातून मिळाली. चाक कितीही फिरवा, कुठला ना कुठला आरा खुंटीसमोर येऊन थांबतोच. तशीच गोळ्यांची कप्पी नळीसमोर थांबवली तर? पठ्ठ्याने जहाजावरच लाकडाचा नमुना कोरला. एलिशा कॉलियरने फिरत्या कप्पीच्या पिस्तुलाचं पेटंट लंडनमध्ये १८१८लाच घेतलं होतं, आणि ती हत्यारं हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेपर्यंत पोचलीही होती. कलकत्त्यात सॅमच्या नजरेस काय पडलं, असल्या चौकशा चरित्रकारांनाही करू देऊ नका. १८५१मध्ये लंडनच्या अभियंत्यांसमोर त्याने सांगितलंच, की आधीच्यांची आपल्याला खबरही नव्हती. झालं ना समाधान? चाक फोटोतही छान दिसतं.

पैशाचं काय? वडिलांच्या पैशाचं पहिलं पिस्तूल बार काढतानाच फुटलं. मग सॅमने हसवणाऱ्या वायूचे खेळ लावले. गावोगावी लोकांना नायट्रस ऑक्साइड हुंगवायचं आणि त्यांचे चाळे बाकीच्यांना तिकीट लावून दाखवायचे. पाटीवर नाव ‘डॉ. कूल्ट, न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्ता’. यातल्या कलकत्त्याला तो खलाशी म्हणून गेला होता, पण गेला होता ना! पदवीला विद्यापीठ लागतं हा आपल्याकडचा भ्रम आहे. (तोही हल्ली कमी होतोय म्हणा.) या हसण्याच्या कमाईतून बाल्टिमोरच्या पीअर्सन नावाच्या बंदूककाराची मजुरी निघाली. पीअर्सनने नमुने घडवले, नाव कोल्टचं लागलं.

अमेरिकी पेटंट १८३६चं. पॅटरसन गावातला त्याचा कारखाना १८४२मध्ये बंद पडला. तेव्हा मधली काही वर्षं ‘मुलगा सध्या काय करतो?’ या प्रश्नाला एखादं उत्तर तयार ठेवा. मग मेक्सिकोशी युद्ध पेटलं, सरकारने १००० पिस्तुलं मागवली आणि चौदाव्या वर्षीचा तो चिखल एकदम बुद्धिमत्तेचं लक्षण ठरला.

तो लाकडी नमुना आज हार्टफर्डच्या संग्रहालयात आहे. तुमच्या चिरंजीवांनी टेबलाच्या पायावर कोरलेलं जे काही असेल, ते जपून ठेवा. आणि तोवर शेजाऱ्यांचे कपडे धुऊन द्या.