शेवया बघायला जपानला?

"माणूस जपानला जातो तो फुजी बघायला, बुलेट ट्रेनमध्ये बसायला. हा संदीप बायको, पोरं, आई असं सगळं खटलं घेऊन शेवया बघायला गेला!" नंदूने कट्ट्यावर टेकता टेकताच तोफ डागली.

फोटो सगळ्यांनी ग्रुपवर बघितले होते, त्यामुळे कुठे, काय, हे कुणी विचारलं नाही. योकोहामाचं ते कप नूडल्सचं म्युझियम, गळ्यात हवा भरलेली प्लास्टिकची पिशवी अडकवून उभ्या असलेल्या काकी, म्हणजे संदीपची आई, आणि संदीपचा धाकटा खेळायच्या जागेत घामाघूम. नंदूचा राग मुख्यतः त्या खेळायच्या जागेवर.

"आत जायचे ५०० येन. पोरांना फुकट, मान्य. पण त्या पार्काचे पोरामागे परत ५०० येन, तेही अर्ध्या तासाचे! आणि तिथे करायचं काय? तर पोराने शेवई व्हायचं! मळून घ्यायचं, कापून घ्यायचं, तळून घ्यायचं, कपात बसायचं आणि दुकानात जायचं. अरे, पैसे देऊन शेवई कोण होतं?"

"तू होतोस की," बबन म्हणाला. "डोंबिवलीहून रोज पास काढून मळला जातोस, लाटला जातोस, वर डब्यात भरला जातोस. तेव्हा नाही हिशोब मांडत तो?"

नंदूने ऐकलंच नाही. त्याने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला होता. नंदूचं हे जुनं दुखणं आहे. जगातली कुठलीही गोष्ट आधी रुपयांत आणायची, मग वडापावात. ५०० येन म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास, म्हणजे चौदा वडापाव. कप बनवायचे आणखी ५००, म्हणजे आणखी चौदा. "माणशी अठ्ठावीस वडापाव!" तो ओरडला, तेव्हा समोरच्या गाडीवाल्यानेसुद्धा आशेने मान वर केली.

संदीप शांत होता. तो म्हणाला, "अरे, पण ते नुसतं नूडल्स खायचं ठिकाण नाही. रिकामा कप हातात देतात. टेबलावर बसून स्केचपेनने रंगवायचा. मग काउंटरवर न्यायचा. आणि तिथे गंमत बघ, नूडल्स कपात टाकत नाहीत. नूडल्सच्या गोळ्यावर कप पालथा घालतात आणि आपण दांडा फिरवला की सगळं सुलटं होतं. वरून टाकल्या तर वाकड्या बसायच्या, म्हणून कारखान्यात ही युक्ती काढली. मग चारांतलं एक सूप निवडायचं, बारांतल्या चार गोष्टी वर घालायच्या. ५,४६० प्रकार होतात म्हणे."

इथे सर जागे झाले. सरांचे परळला गणिताचे क्लास आहेत आणि कट्ट्यावर चुकीचा आकडा गेलेला त्यांना खपत नाही.

"चूक. बारांतून चार निवडायचे प्रकार ४९५. गुणिले चार सुपं, १,९८०. ५,४६० ही जाहिरात झाली."

"सर, तीच गोष्ट परत घेता येते," संदीपची सई म्हणाली. ती दहावीत आहे आणि बापाला जेवायला बोलवायला आली होती. "आजीने चारही वेळा कोळंबीच घेतली."

सर गप्प झाले. ओठ हलत होते. "पुनरावृत्ती धरली तर... पंधरांतून चार... १,३६५. चोकं... ५,४६०." मग सईकडे बघून म्हणाले, "तू माझ्या क्लासला का येत नाहीस?"

"म्हणूनच," बबन म्हणाला.

या गोंधळात काकी आल्या. संध्याकाळी गणेशगल्लीपर्यंत जाऊन यायचा त्यांचा नेम. गुडघे कुरकुरतात, पण कट्ट्यापाशी थांबल्याशिवाय त्या वर जात नाहीत. बबनने जागा करून दिली.

"काकी, तुम्हीच सांगा," नंदू म्हणाला. "काय बघितलंत तिथे? आणि सोमवार होता ना तुमचा? म्हणजे खाल्लंही नाही!"

"नाही खाल्लं. दाण्याचे लाडू होते पिशवीत. आणि मंगळवारी ते बंद असतं, मग सोमवारीच जायला हवं ना? बघायला उपास आडवा येतो का रे?"

मग काकींनी तिथल्या एका झोपडीबद्दल सांगितलं. त्यांचं सांगणं ऐकल्यावर नूडल्सचा विषय माझ्यापुरता तरी हसण्यावारी राहिला नाही.

मोमोफुकु आंदो, हे झटपट नूडल्स काढणारा माणूस. त्याची पतपेढी बुडाली, होतं नव्हतं ते गेलं. वय ४७. ओसाकाजवळ इकेदा गावात घरामागे झोपडी बांधून हा माणूस वर्षभर एकच खटपट करत राहिला: शेवया टिकतील आणि नुसत्या गरम पाण्याने होतील. २५ ऑगस्ट १९५८ला त्याचं पहिलं पाकीट बाजारात आलं. ती झोपडी म्युझियममध्ये आतल्या सामानासकट हुबेहूब उभी केली आहे. कढई, चाळणी, झारी, वजनकाटा. काकी तिथून हलेनात, असं संदीप म्हणाला.

"सगळं आपल्याच घरातलं होतं रे," काकी म्हणाल्या. "आणि युक्ती सुचली कशी? बायको तळण काढत होती, ते बघून. तळलं की आतलं पाणी वाफ होऊन जातं, बारीक भोकं राहतात, आणि गरम पाणी ओतलं की त्याच भोकांतून परत आत शिरतं. आपली कुरडई तेलात टाकली की फुलते, तसाच हा कारभार. मला कोणी समजावून सांगायला लागलं नाही. पण मी सूनबाईला म्हटलं, झोपडी त्याची असेल, कढई तिची होती. तिचं नाव केवढ्या अक्षरात लिहिलंय ते बघ."

कोणी काही बोललं नाही. नंदूच बोलला.

"पण काकी, ते जपानी. ते कशाचंही म्युझियम करतात. तिथली ती नूडल्सच्या पाकिटांची भिंत काय, आपल्याकडे रद्दीवाल्याकडे असते तशी भिंत."

"रद्दीवाल्याकडे असते, म्हणूनच म्हणते," काकी म्हणाल्या. "आपलं सगळं रद्दीतच गेलं."

मी काकींच्या बाजूचा आहे. कारण लालबाग-परळमध्ये वाढलेल्या कुणालाही हे माहीत आहे की हा सगळा गिरणगाव खानावळींवर उभा होता. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गडी दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला काकींसारख्या बायकांकडे असायचे. काकी पहाटे चारला स्टोव्ह पेटवायच्या. पहिल्या पाळीची भाकरी, रात्रपाळीचे डबे, बुधवारी बांगड्याचं कालवण. पैसे पगाराला. गिरणीत संप झाला की बायकांची उधारी बुडायची, वाण्याची मात्र चढायची. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यातूनच. या बायकांना सावकाराच्या दारातून उठवून बँकेच्या दारात नेलं. २००२ साली ताईंना पद्मश्री मिळाली, ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण त्या हजारो बायकांची एक तरी खोली कुठे जपली आहे? एक तवा? हिशोबाची एक वही?

संदीप म्हणाला, "संध्याकाळी आम्ही शिन-योकोहामाला गेलो. तिथे रामेनचं, म्हणजे सुपातल्या शेवयांचं म्युझियम आहे, १९९४चं. तळघरात १९५८ सालची अख्खी गल्ली उभी केलीय. जुन्या पाट्या, मिणमिणते दिवे, दारं, आणि त्या दुकानांत बसून आपण रामेन खायचं. छोटा वाडगासुद्धा मिळतो, म्हणजे दोन-तीन ठिकाणचं चाखता येतं. गल्ली श्रीमंतांची नाही रे. आपल्यासारख्यांचीच. आणि मी इथे घरी आलो तर समोरची चाळ अर्धी पाडलेली."

"मग काढा तुम्ही वडापावचं पार्क!" नंदू उसळला. "पोरांना बेसनात बुडवा!"

झालं. पार्क राहिलं बाजूला. बबन म्हणाला, पार्क झालंच तर दादर स्टेशनबाहेर, कारण १९६६ साली अशोक वैद्यांची गाडी तिथेच लागली. सरांची सासुरवाडी कल्याणची. ते म्हणाले, तिथल्या खिडकी वड्याला डावलून असलं काही झालं तर मी बहिष्कार घालीन. बबन म्हणाला, तुम्ही आमच्या लग्नावरही घातला होता. सर म्हणाले, पत्रिकेवर नाव चुकवलं होतं. हे भांडण मी आतापर्यंत इतक्या वेळा ऐकलंय की कोणाचं वाक्य कुठे येणार ते पाठ आहे, पण पत्रिकेवर 'शिरोडकर'चं 'शिरवाडकर' झालं होतं यात सरांचीच बाजू खरी.

"पार्क नको," काकी मध्येच म्हणाल्या. "काळाचौकीच्या गिरणीत ते संग्रहालय व्हायचंय ना? तिथे यंत्रं ठेवतील, माग ठेवतील. त्यात एक खोली द्या. स्टोव्ह, परात, डब्यांची चळत आणि भिंतीवर वही. पोरं येतील, भाकरी थापतील, फाटली तर फाटली. पैसे घ्या खुशाल. त्या कपावर पोरांनी डोरेमॉन काढला, मी काय लिहिलं सांगू? लांजा, राजापूर, देवरुख, कणकवली. माझ्याकडे जेवायचे ते सगळे. नावं आठवत नव्हती, गावं आठवली."

"पण भाकरी थापायला पैसे कोण देणार?" नंदू. "घरी फुकट मिळते."

संदीप हसला. "आंदोलाही हेच म्हणाले होते. ताजे उडॉन, म्हणजे जाड शेवया, ६ येनला मिळत होते आणि याचं पाकीट ३५ येनला. कोण घेणार? लोकांनी घेतलं. आणि ज्यांनी घेतलं त्यांत एक नंदूही आहे. दुबईला कंपनीने पाठवला तेव्हा पंचतारांकित हॉटेलात बसून याने काय खाल्लं होतं, आठवतं ना?"

आठवत होतं सगळ्यांनाच. बॅगेत पाकिटांचा गठ्ठा, आणि चहाच्या किटलीत उकळलेले नूडल्स. किटली जळली, हॉटेलने पैसे लावले.

"किती वडापाव झाले रे त्या किटलीचे?" बबनने विचारलं.

नंदू तांबडा झाला. "विषय तो नाही! विषय हा आहे की हिशोब कोणी ठेवायचा की नाही? सगळे उधळे झालात. काकींनी आयुष्यभर हिशोबाने घर चालवलं, त्यांना विचारा!"

"विचार की," काकी म्हणाल्या. "वही आहे अजून माझ्याकडे. तुम्ही गावाला होतात तेव्हा तुझा बाप माझ्याकडे जेवायचा. ब्याऐंशीच्या संपात गेला तो दोन महिन्यांचे राहिलेत. कधी मागितले नाहीत, मागणारही नाही. पण तुझा फोन उघडाच आहे तर तेवढे येन करून सांग."

बबन कट्ट्यावरून खाली घसरला. सई तोंडाला ओढणी लावून हसत होती. संदीपला ठसका लागला. नंदू आधी दोन क्षण बघतच राहिला आणि मग सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायला लागला, कारण माणूस तसा चांगला आहे.

हसणं ओसरल्यावर सरांनी चष्मा पुसला आणि गंभीरपणे विचारलं, "काकी, व्याज सरळ धरायचं की चक्रवाढ?"