अमेरिकेत आजारी कसं पडावं

लेकीचं बाळंतपण आलं, जावईबापूंनी तिकिटं पाठवली, व्हिसा झाला. आता वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या घराला कुलूप लावून सहा महिने अमेरिकेत. तेवीस किलोच्या बॅगेत सरगुंडे, कुरड्या, जवसाची चटणी आणि लेकीसाठी डिंकाचे लाडू बसले की औषधांना जागा उरत नाही, हे ओघानंच आलं. औषधांचं काय राजेहो, तिथं मिळतीलच की! एवढा पुढारलेला देश.

मिळत नाहीत. पण ते तिथं पोचल्यावर कळावं, त्यातच गंमत आहे. बीपीची एक गोळी तिथला औषधवाला चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्याकडे चालत नाही. भित्रे लोक साधारण ९० दिवसांच्या गोळ्या मूळ पाकिटांत, औषधाचं मूळ नाव टाईप केलेल्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत नेतात. इन्सुलिनही त्याच हातातल्या बॅगेत ठेवतात, कारण विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन फेकायच्याच लायकीचं. तुम्ही असलं काही करू नका. तुम्ही पुड्या न्या. त्याच त्या, कागदाच्या चौकोनी: एक पांढरी अख्खी गोळी, एक गुलाबी अर्धी मोडलेली, एक बारीक पिवळी, आणि वर पेनानं ‘सकाळ-संध्याकाळ’. तिथल्या डॉक्टरनं यात काय आहे विचारलं तर ठणकावून सांगा, “कंबरेची आहे, लय गुण येते.” त्या बारीक गोळीत डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड निघालं, तर साखर का चढली आणि पुड्या संपल्यावर अंगातला जोर का गेला, हे त्याचं त्याला शोधू द्या. तो रक्ताच्या चार तपासण्या करील. प्रत्येकीचे पैसे वेगळे.

दाढ दुखते? राहू द्या. आर्वीत काढली तर स्वस्तात सुटेल, आणि प्रवासी विम्यात दातांना फारसं काही मिळत नाही, हे अनुभवायचं राहून जाईल.

विम्याचं मात्र नीट बघायला हवं, म्हणजे सगळ्यांत स्वस्त कोणता ते. एका प्रकारात प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम मिळते: डॉक्टरच्या एका भेटीचे इतके, आयसीयूच्या एका दिवसाचे इतके. बिल त्याच्या दहापट आलं तरी वरचं तुमचं. दुसऱ्या प्रकारात आधी ठरावीक रक्कम तुम्ही भरायची, मग बहुतेक ठिकाणी पहिल्या ५,००० डॉलरपैकी ८० टक्के कंपनी देते आणि त्यापुढे मर्यादेपर्यंत सगळं. हा महाग पडतो. म्हणून पहिलाच घ्या. एजंटही तोच आधी दाखवतो. साठीपुढच्यांसाठी काही पॉलिसींत खोली आणि शस्त्रक्रियेला वेगळी, छोटी मर्यादा असते. ते बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो. तो बॅगेच्या तळाशी गेला आहे.

आता फॉर्म. ‘पूर्वीपासूनचे आजार’ या रकान्यात ‘नाही’ लिहा. शुगर म्हणजे काय आजार आहे का, ती तर गावात अर्ध्या लोकांना आहे. हे ‘नाही’ किती टिकतं ते दवाखान्यात कळेल. मोठ्या दवाखान्यात फोनवर मराठी दुभाषी जोडून देतात, त्याचे पैसे पडत नाहीत. नर्स सहज विचारते, बीपी कधीपासून? तुम्हाला आपलं माणूस भेटल्याचा आनंद झालेला असतो. तुम्ही मोकळेपणानं सांगता, “झाले की पंधरा वर्षं! शुगर त्याच्याही आधीची.” नर्स ते टाईप करते. कंपनी पैसे द्यायच्या आधी हेच कागद मागवते.

आणि तो दुभाषी पुण्याकडचा निघाला तर सोन्याहून पिवळं. तुम्ही म्हणायचं, “छातीत कसंनुसं होऊन रायलं, जीव घाबरून रायला.” तो सांगणार, पेशंटला भीती वाटते आहे. किती वाजता सुरू झालं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जातं का, घाम सुटला का, हे आपणहून सांगायचं नाही. शेवटी ‘गॅस’ हा शब्द जरूर घालावा. विदर्भात हृदयाचं दुखणंही आधी गॅस म्हणूनच घरी येतं. ओवा, सोडा, लिंबू हा त्याचा पाहुणचार. तिथंही दोन दिवस तोच करा. जुन्या आजारानं अचानक उचल खाल्ली तर खर्च देणाऱ्या पॉलिसी असतात, आणि त्यांत बऱ्याच ठिकाणी अट असते की त्रास सुरू झाल्यापासून २४ तासांत उपचार घेतलेला हवा. ओव्यात दोन दिवस गेले की कंपनीचं काम सोपं होतं. सत्तरी ओलांडली असेल तर ही सवलत अनेकदा तशीही कमी होते किंवा उरतच नाही, तेव्हा घाई कशाला?

कुठं जायचं, हेही उलटं धरा. साधा खोकला, लघवीची जळजळ, विळीनं कापलेलं बोट यासाठी तिथं अर्जंट केअर नावाचे छोटे दवाखाने असतात, कितीतरी स्वस्त. खोकल्यासाठी तुम्ही थेट इमर्जन्सीत जा. आणि छातीत खरंच दुखलं की ९११ ला फोन करायचा नाही, ॲम्ब्युलन्सचं बिल येतं म्हणे. जावईबापू सुटीच्या दिवशी घरी असतील तेव्हा निघा.

गडचिरोलीकडचं लग्न आटोपून विमानात बसला असाल आणि दहा-बारा दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला, तर ते लग्न डॉक्टरला सांगू नका. तो फ्लूची तपासणी करील. मलेरिया त्याच्या सहज डोक्यात येत नाही, आणि गडचिरोलीतला फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार, वाट बघत थांबणारा नव्हे. (लग्न लपवायच्या या एका सल्ल्यापुरतं माझं ऐकू नका.)

पैशांचं शेवटी. तिथं १९८६ पासून कायदा आहे: इमर्जन्सीत आलेल्याला, पैसे असोत नसोत, तपासायचं आणि प्रकृती स्थिर करायची. म्हणून काउंटरवर कुणी ॲडव्हान्स मागत नाही. फक्त एक फॉर्म पुढं सरकवतात. तिथं जावईबापूंना सही करू द्या, न वाचता. खर्चाची हमी घेणारा कोण, अशी त्यात एक ओळ असते. बिल नंतर टपालानं येतं: दवाखान्याचं एक, डॉक्टरचं दुसरं, एक्स-रे वाचणाऱ्याचं तिसरं, लॅबचं चौथं. तपशीलवार बिल मागता येतं, एकच तपासणी दोनदा लागली का ते ताडता येतं, धर्मादाय स्वरूपाच्या दवाखान्यांत आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो, रक्कम कमी करून घेता येते. पण एवढा वेळ कुणाला आहे? बारशाची गडबड असते.

तोवर तुम्ही परत आलेले असता. सांजच्याला पानठेल्यावर कुणी विचारतं, काय जी, तिकडं दवाखाना महाग आहे म्हणतात? तुम्ही सुपारी कातरत सांगता, “काई नाई जी. मले तं एक रुपया नाई मागतला कोणी.” तिकडं जावईबापू टपालपेटी उघडतात, तर आत पाचवं पाकीट.