रिप्ली म्हणे पुरुष म्हणून लिहिली होती! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेळगावातल्या शहापूरच्या दादानं तो लांबलचक मेसेज टाकला, तुमच्याकडंपण आला असेल, "हॉलिवूडच्या सायफाय पिक्चरमधल्या बायका हिरो म्हणून का पटत नाहीत, पाच कारणं". असले मेसेज मी वाचत पण नाही. पण तो माझ्या भाचीनं वाचला आणि तिथं घोळ झाला. ती कॉलेजच्या शॉर्टफिल्मसाठी स्क्रिप्ट लिहायलीय, चंद्रावरच्या स्टेशनवर ऑक्सिजनच्या पंपाचं सील गळायला लागतं आणि तिथली मेकॅनिक मुलगी ते थांबवते अशी गोष्ट. भावाचं उद्यमबागेत हायड्रॉलिकचं छोटं वर्कशॉप आहे, पोरगी लहानपणापासून तिथं वावरलेली, त्यामुळं प्रेशर उतरवल्याशिवाय नट सोडायचा नसतो, घाईत सील तिरकं बसलं तर दुप्पट गळतं, हे सगळं तिनं त्यात घातलेलं आणि छान घातलेलं. परवा फोनवर म्हणते, "आत्ती, मी ती मुलगी काढून टाकलो. मुलगा केलो. मुलगी पटत नाही म्हणे लोकांना." एवढी मेहनत केलेली पोर एका फॉरवर्डमुळं आपलंच पात्र खोडते म्हटल्यावर मला गप्प बसवेना.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. एक, बाई हिरो ही आत्ताची फॅशन आहे. दोन, 'एलियन' पिक्चरची नायिका रिप्ली जमली कारण ती मुळात पुरुष म्हणून लिहिली होती, नंतर फक्त नाव बाईचं दिलं. तीन, बाई ताकदीत पुरुषाला हरवते हे पटणं शक्य नाही. चार, बाईला हिरो करायचं असेल तर आधी तिच्यावर अत्याचार दाखवा नाहीतर तिला आई करा, त्याशिवाय तिच्यात ताकद कुठून आली ते प्रेक्षकाला कळत नाही. पाच, आजकालच्या बायकांना न शिकता सगळं येतं. आणि शेवटी शेपूट जोडलंय की बाई हिरो असली की पिक्चर आपटतोच.

पहिल्या मुद्द्याला दोन वाक्यं पुरे. 'एलियन' १९७९ चा, पहिला 'टर्मिनेटर' १९८४ चा, म्हणजे ही फॅशन असेल तर मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा वयानं मोठी असायची शक्यता आहे. आणि १८२४ साली कंपनी सरकारच्या फौजेला भिडलेल्या कित्तूरच्या चन्नम्माचा पुतळा ज्या गावच्या चौकात उभा आहे, तिथल्या माणसानं लढणारी बाई ही नवी टूम आहे असं पुढं पाठवावं, हे मला झेपत नाही.

आता रिप्ली. हा मुद्दा सगळ्यात जास्त फिरतोय आणि त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. खरं काय ते बघा. डॅन ओबॅनननं 'एलियन'ची मूळ पटकथा लिहिली, तिच्यात पात्रांच्या यादीबरोबर एक टीप होती, की अंतराळ जहाजावरचा क्रू युनिसेक्स आहे, सगळ्या भूमिका बाई किंवा पुरुष कुणालाही देता येतील. सगळ्या भूमिका! एकट्या रिप्लीची नाही. म्हणजे कॅप्टन डॅलस बाई होऊ शकला असता, घाबरून रडणारी लँबर्ट पुरुष होऊ शकली असती. या टिपेवरून "ती पुरुष होती, बाईचं नाव दिलं" हे कुठून काढलं? तिथं पात्रं लिहिताना कामं लिहिली होती, स्वभाव लिहिले होते, हुद्दे लिहिले होते. त्यातल्या एका कामावर रिडली स्कॉटच्या पिक्चरमध्ये सिगर्नी विव्हर आली आणि शोभली. बाई पटत नाही याचा पुरावा म्हणून जी टीप लोक नाचवतात ती उलट हेच सांगते, की लिहिताना डोक्यात बाई पुरुष काही न ठेवता नीट काम केलं तर बाई सहज पटते.

आणि तो दाराचा सीन आठवा. क्रूमधल्या केनच्या तोंडाला परग्रहावरचा प्राणी चिकटलाय, डॅलस आणि लँबर्ट त्याला घेऊन एअरलॉकपाशी, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या दारापाशी आलेत, दार उघड म्हणतायत. रिप्ली आत आहे. ती नियम सांगते, क्वारंटाइन, चोवीस तास. डॅलस कॅप्टन आहे, तो ऑर्डर देतो. ती नाही म्हणते. ओरडत नाही, लंबं भाषण देत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर दिसतं की बाहेरचा माणूस मेला तर ते तिच्या डोक्यावर येणार आहे आणि तिला ते माहीत आहे. शेवटी आतलाच दुसरा एकजण, ॲश, दार उघडतो आणि पुढं सगळ्यांचं वाटोळं होतं. या एका सीनमध्ये तिला काय येतं, ती काय ठरवते आणि त्याची काय किंमत मोजायला तयार आहे, तिन्ही कळतं. बंदूक नाही, मारामारी नाही. पुढचा अख्खा पिक्चर आपण तिच्यामागं जातो ते या दारामुळं.

ताकदीचा मुद्दा. हे मान्य करते की काही पिक्चरमध्ये पन्नास किलोची नटी एका मागोमाग एक सहा गड्यांना लोळवते आणि ते बघवत नाही, ती फायटिंग बसवणाऱ्याची आळशी कामं आहेत. पण ज्या पिक्चरचं नाव मेसेजमध्ये घेतलंय त्यात काय होतं? पार्कर हा त्या जहाजावरचा सगळ्यात दणकट गडी, तो त्या प्राण्याच्या अंगावर धावून जातो आणि मरतो. रिप्ली अंगावर जात नाही. ती भीतीनं थरथरत हळूच स्पेससूट घालते, स्वतःला खुर्चीला बांधून घेते, एअरलॉक उघडते आणि त्याला बाहेर फेकते. मग इथं दंडाचं माप कशाला काढायचं? आणि २०१५ च्या 'मॅड मॅक्स फ्युरी रोड'मध्ये हिरो मॅक्स रायफलनं नेम चुकवतो, गोळ्या संपत आल्यात, शेवटी तो रायफल फ्युरिओसा या बाईच्या हातात देतो आणि आपला खांदा टेकू म्हणून पुढं करतो, ती त्याला श्वास घेऊ नको म्हणते आणि नेम लागतो. हिरोचा इतका जुना खांदा इतक्या सहज तिच्या कामाला आला, थेटरात कुणाला ते खटकल्याचं मला तरी आठवत नाही.

चौथा मुद्दा मात्र वाचून मला संताप आला, त्यामुळं इथं जरा जास्त लिहिणार. "आधी अत्याचार दाखवा नाहीतर आई करा." हे एकोणीस वर्षांच्या पोरीनं वाचलंय. म्हणजे तिच्या मेकॅनिक मुलीला पंप दुरुस्त करता येतो हे पटवायला आधी तिच्यावर कुणीतरी हात टाकायला पाहिजे? का? पोराला पंप येतो म्हटलं की बास, तो वर्कशॉपमध्ये शिकला असेल असं सगळे धरून चालतात. पोरीला पंप येतो म्हटलं की तिच्या आयुष्यात काय वाईट झालं ते शोधायला निघतात. खानापूरच्या बसमधली कंडक्टर बघा, कर्नाटकात बायकांना बस फुकट करणारी शक्ती योजना आल्यापासून दारापर्यंत बायका लटकलेल्या असतात, त्यातून ती वाट काढत पुढं जाते, एकीला कन्नडमध्ये, दुसरीला मराठीत दम भरते, झिरो तिकिटं फाडते, दारातल्या म्हातारीला सीट मिळवून देते आणि ड्रायव्हरला शिट्टी मारते. ही इतकी खमकी कशी झाली असं कुणी विचारतं का? रोज करते म्हणून तिला जमतं. १९७९ च्या रिप्लीचंपण तेच आहे. त्या अख्ख्या पिक्चरमध्ये तिला नवरा नाही, मूल नाही, जुनी जखम नाही. ती वॉरंट ऑफिसर आहे आणि आपलं काम जाणते, एवढ्यावर लोकांनी तिला मानलं.

लगेच कुणीतरी म्हणणार, दुसऱ्या भागात ती न्यूट नावाच्या लहान पोरीसाठी लढते, म्हणजे आईच झाली की. तर १९८६ चा जेम्स कॅमेरॉनचा 'एलियन्स' घ्या. त्यात एक सीन होता, रिप्ली सत्तावन्न वर्षं झोपेत गेल्यावर उठते आणि तिला कळतं की तिची मुलगी म्हातारी होऊन वारली. हा सीन थेटरच्या कॉपीतून कापला होता, नंतरच्या लांब व्हर्जनमध्ये आला. म्हणजे ८६ साली ज्या लोकांनी तो पिक्चर बघितला त्यांना रिप्लीला मुलगी होती हेच माहीत नव्हतं! तरी त्यांना ती पटली आणि विव्हरला बेस्ट ॲक्ट्रेसचं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं, मारामारीच्या सायफायमध्ये हे तेव्हा सोपं नव्हतं. ती न्यूटसाठी परत आत जाते कारण तिनं त्या पोरीला शब्द दिलेला असतो. आणि शेवटी एलियनांच्या राणीशी लढते ते ज्या लोडर मशीनमध्ये, ते मशीन तिला चालवता येतं हे आधीच दाखवलंय. सैनिकांचा सार्जंट विचारतो, तुला काय येतं म्हणून, ती त्यात चढते, पेटी उचलते आणि कुठं ठेवू विचारते. नोकरी गेल्यावर ती गोदीत हेच काम करत होती. लिहिणाऱ्यानं आधी पेरलं म्हणून शेवटी उगवलं. पोरींनो, स्क्रिप्ट लिहीत असाल तर हा लोडर लक्षात ठेवा, अत्याचाराचा सीन नको.

आई झाली की बाई आपोआप पटते हेपण खोटं आहे. १९९१ च्या 'टर्मिनेटर २' मधली सेरा कॉनर आई म्हणून अवघडच बाई आहे. पोरगा जीव धोक्यात घालून तिला वेड्यांच्या हॉस्पिटलातून सोडवतो, ती त्याला जवळ घेते असं वाटतं पण ती त्याला कुठं लागलंय का ते चाचपत असते, आणि वर त्यालाच झापते की यायला नको होतंस. पोरगा रडतो. पुढं ती डायसनला, म्हणजे ज्याच्या संशोधनातून ती माणसं मारणारी यंत्रं बनणार त्याला, मारायला जाते, त्याचं लहान पोर मध्ये येतं, बंदूक रोखलेली असते आणि तिच्यानं होत नाही, तिथंच खाली बसते. ज्या यंत्राला ती भ्याली त्याच्यासारखीच ती झाली होती आणि हे तिला त्या क्षणी कळतं. लिंडा हॅमिल्टननं त्या रोलसाठी शरीर कमावलं त्याचं कौतुक सगळे करतात, पण मला विचाराल तर सेरा पटते ती या खाली बसण्यामुळं.

आता पाचवा, न शिकता सगळं येतं. इथं नाइलाजानं थोडं मान्य करते. २०१५ च्या 'स्टार वॉर्स'मधली रे एकाच पिक्चरमध्ये फाल्कन जहाज उडवते, दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवते आणि खलनायक कायलो रेनला लाइटसेबरनं, म्हणजे उजेडाच्या तलवारीनं हरवते, तिला फारसं काही गमवावं लागत नाही, ते मलापण पातळ वाटलं. कायलो आधीच गोळी खाऊन रक्तबंबाळ होता हे खरं, ती भंगार काढून पोट भरणारी म्हणून तिला जहाजांची माहिती होती हेपण खरं, तरी लिखाण घाईचं आहे. पण मग १९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'चा हिरो ल्यूक? एक्सविंग या लढाऊ विमानात तो पहिल्यांदाच बसला आणि शत्रूचा अख्खा तळ, डेथ स्टार, उडवून आला. त्याच मालिकेत १९९९ मध्ये नऊ वर्षांच्या ॲनाकिननं चुकून घुसून शत्रूचं जहाज फोडलं. त्यावर लोकांनी नावं ठेवली असतील, पण "मुलगे हिरो म्हणून पटत नाहीत" असा मेसेज नाही काढला कुणी.

रेचं खरं वाटोळं पुढच्या भागांत झालं, आणि मेसेजवाल्यानं नेमकं तेच सोडलंय. २०१७ मध्ये तिला सांगितलं की तुझे आईबाप कुणी मोठे नव्हते, तू तुझी तू आहेस. २०१९ मध्ये दुसऱ्यांनी येऊन तिला दुष्ट सम्राट पॅल्पटिनची नात करून टाकलं. आधीच्या पिक्चरमध्ये तिनं जे पचवलं, ते गेलं पाण्यात. रिप्लीचंपण तसंच केलं, 'एलियन्स'मध्ये जिवावर उदार होऊन न्यूटला वाचवलं आणि १९९२ च्या तिसऱ्या भागात सुरुवातीलाच न्यूट मेलेली. मालिका लांबली, लिहिणारे बदलले, की आधीच्याची कमाई पुसून नवीन सुरू करायची ही खोड आहे, आणि ती बाईपुरती नाही, २०१९ च्या 'टर्मिनेटर डार्क फेट'मध्ये सेराच्या ज्या पोरासाठी, जॉन कॉनरसाठी, दोन पिक्चर लढले त्याला पहिल्या काही मिनिटांत मारून टाकलाय. पात्र पटायचं बंद होतं ते अशानं. तिनं एका भागात जे शिकलं, जे गमावलं, ते पुढच्या भागात तिच्या अंगावर दिसायला पाहिजे, तेवढं सांभाळलं तर बाई असो नाहीतर बाप्या.

राहिलं ते आपटण्याचं. 'डार्क फेट' आपटला, २०२३ चा 'द मार्व्हल्स' तर फारच वाईट आपटला, नाकारत नाही. पण ज्या रेला शिव्या घालतायत तिच्या पहिल्या पिक्चरनं जगभर दोन अब्ज डॉलरच्या वर गल्ला केला, पुढच्याच वर्षी जिन अर्सो ही नायिका असलेल्या 'रोग वन'नं एक अब्जाच्या वर, आणि २०१३ मध्ये आलेल्या पिक्चरांत अमेरिकेत सगळ्यात जास्त कमाई केली ती कॅटनिस या नायिकेच्या दुसऱ्या 'हंगर गेम्स'नं. त्याच 'स्टार वॉर्स'मध्ये २०१८ ला हान सोलोचा, म्हणजे सगळ्यांच्या लाडक्या पुरुष हिरोचा स्वतंत्र पिक्चर काढला आणि तो तोट्यात गेला. हे आकडे मोबाईलवर दोन मिनिटांत सापडतात, मेसेज पुढं ढकलायच्या आधी तेवढी दोन मिनिटं द्या.