गॅस भरण्याआधी पाण्याची नळी बघा

उन्हाळा तोंडावर आला की हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागतो: "आइस मशीनचा बर्फ धुरकट, पोकळ किंवा बारीक पडतोय? गॅस कमी झालाय, दरवर्षी भरून घ्या. पाणी उकळून वापरा. आर.ओ. बसवला की साफसफाईची कटकट नाही. आणि जंतू थंडीत मरतातच." एवढ्या चुका चार ओळींत बसवायलाही कसब लागतं.

मशीन थंड करणारा हा गॅस बंद नळ्यांत फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधून बंद न करता जो दरवर्षी गॅस भरून देतो, तो तुमची गळती जपून ठेवतोय. गॅस कमी असला तर बर्फ बहुधा तो ज्यावर धरतो त्या थंड प्लेटच्या एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ धरतो. बर्फ सगळीकडे सारखाच, पण उशिरा पडत असेल तर आधी कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, बघा. भटारखान्याजवळच्या मशीनच्या जाळीवर पिठाची नि तेलाची चिकट गोधडीच बसलेली असते.

आता धुरकटपणा. बऱ्याच क्यूब मशीनमध्ये उभ्या थंड प्लेटवरून पाणी सतत वाहतं. शुद्ध पाणी थराथरानं गोठतं, हवा नि क्षार खाली वाहून जातात आणि फेरी संपली की ते क्षारट पाणी ड्रेनमध्ये सोडलं जातं. धार मंदावली की हवा नि क्षार बर्फातच अडकतात. पुढचा पडदा काढून प्लेटवर पाणी सोडणाऱ्या वरच्या भोकांच्या नळीवर टॉर्च मारा. मशीन बोअरच्या पाण्यावर चालत असेल तर दोन-चार भोकांवर पांढरी खपली दिसेल आणि नेमक्या त्यांच्याखालच्या रांगेतले क्यूब अर्धवट किंवा पांढरे निघतील. नळी साफ असेल तर पाणी आत येतं तिथली जाळी, पंप, ड्रेनचा व्हॉल्व्ह तपासा. पाणी उकळून यातलं फारसं काही सुधारत नाही: गेलेली हवा पाणी पडताना परत मिसळते आणि विरघळलेले क्षार बरेचसे पाण्यातच राहतात. (चुऱ्यासारखा बर्फ पाडणाऱ्या फ्लेक मशीनचा बर्फ मुळात पांढराच असतो, त्यावर पैसे घालवू नका.)

आर.ओ.नं क्षार कमी होतात, हे खरं. पण बऱ्याच मशीनचे सेन्सर पाण्यातून वाहणाऱ्या विजेवर चालतात. पाणी फारच शुद्ध झालं की त्यांना ते जाणवत नाही आणि फेरी बिघडते. शिवाय फिल्टरमधल्या कार्बननं क्लोरीन गेलं की आत बुळबुळीत थर लवकर धरतो, म्हणजे सफाई वाढते. तीसुद्धा प्लेटच्या निकेलला चालणाऱ्या डीस्केलरनंच (क्षार काढायच्या द्रावणानं) करा, संडासाच्या ॲसिडनं प्लेटचा मुलामा उडतो.

राहिले जंतू. थंडीत त्यांची वाढ थांबते, पण बरेचसे जिवंत राहतात आणि बर्फ वितळला की पुन्हा वाढतात. ते खरंच मरत असते तर महाराष्ट्रात २०१८ मध्ये अखाद्य बर्फ निळा करण्याची सक्ती कशाला करावी लागली असती? तुमचा स्कूप बर्फ साठवायच्या बिनमध्येच पडलेला असेल, तर दांड्यावरचा हाताचा मळ रोज त्याच बर्फाला लागतोय. आधी तो बाहेर काढा.