‘देवाच्या लेकरांना कॅन्सर होत नाही’: त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

विशेष मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरून फिरून येतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘मतिमंद मुलं ही देवाची लेकरं. त्यांच्या मनाला ताण नाही, म्हणून त्यांना कॅन्सर होत नाही. क्वचित झालाच तर त्यांना दुखत नाही. तपासण्यांची गरज नाही, बायकांच्या तर नाहीच. तपासण्या आणि केमो त्यांना सोसणार नाहीत, समजणारही नाहीत. तशीही ही मुलं फार जगत नाहीत. उगाच हाल करू नका, आहेत तितके दिवस सुखात ठेवा.’ खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

पुढे पाठवणाऱ्यांची माया खोटी नाही. पण हे वाचून एखाद्या आईने छातीतली गाठ दाखवायला न्यायचं चार महिने लांबवलं, तर त्याचं मोल तिच्या लेकीला मोजावं लागेल. मी प्रौढ विशेष व्यक्तींच्या कार्यशाळेत शिकवते. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देते आहे.

‘त्यांना कॅन्सर होत नाही.’ या समजामागे अर्धं सत्य आहे, ते आधी सांगते. डाउन सिंड्रोम असलेल्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरसारखे गाठींचे कॅन्सर इतरांपेक्षा कमी आढळतात. एकविसाव्या गुणसूत्राच्या जास्तीच्या प्रतीमुळे असं होत असावं, असं संशोधक मानतात. मनाच्या निर्मळपणाचा त्यात काही भाग नाही. पण त्याच मुलांना रक्ताच्या कॅन्सरचा, म्हणजे ल्युकेमियाचा, धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या दर दहा बाळांमागे साधारण एकाच्या रक्तात जन्मतः ल्युकेमियासारख्या पेशी दिसतात. बहुतेकांच्या त्या आपोआप नाहीशा होतात, पण काहींना पुढे लहानपणीच खरा ल्युकेमिया होतो. असं बाळ फिकट दिसू लागलं, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठू लागले, ताप हटेना, तर रक्ताची साधी सीबीसी तपासणी लगेच करून घ्यावी. डाउन सिंड्रोम असलेल्या पुरुषांत वृषणाचा कॅन्सरही जास्त आढळतो, आणि आंघोळ घालणाऱ्या माणसाशिवाय ती गाठ दुसऱ्या कुणाच्या हाताला लागणार नाही.

शिवाय बौद्धिक अक्षमता म्हणजे फक्त डाउन सिंड्रोम नव्हे. स्वीडनमध्ये १९७४ ते २०१३ या काळात जन्मलेल्या सुमारे ३५ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना कॅन्सर होण्याचा धोका इतरांच्या जवळपास दीडपट निघाला. अन्ननलिका, जठर, मोठं आतडं, स्वादुपिंड या अवयवांचा धोका तर ठळकपणे वाढलेला होता. यातल्या काहींमागची कारणं आपल्या घरातच दिसतात. हालचाल कमी असलेल्या, पाठीचा कणा वाकलेल्या मुलांचं जेवण वर्षानुवर्षं वर येतं. ‘त्याला सवयच आहे ओकायची’ असं आपण म्हणतो, आणि आत ॲसिडने अन्ननलिका पोळत राहते. निवासी संस्थांत दाटीवाटीने राहणाऱ्यांना जठराच्या कॅन्सरशी जोडलेल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूची लागण जास्त होते. ट्यूबरस स्क्लेरोसिससारख्या आजारात तर फिट्स, बौद्धिक अक्षमता आणि मूत्रपिंडातल्या गाठी एकाच जनुकीय दोषातून येतात. तिथे पोटाची नियमित तपासणी हा उपचाराचाच भाग आहे.

नेदरलँड्समधल्या देशव्यापी अभ्यासात कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये सुमारे दीडपट आढळलं. कॅन्सर मुळात कुठून सुरू झाला हेच कळलं नाही, अशा मृत्यूंचं प्रमाण तर दुपटीहून जास्त. हा आकडा मला सगळ्यात जास्त सलतो. आजार शरीरभर पसरेपर्यंत त्या माणसाकडे नीट पाहिलंच गेलं नव्हतं, याशिवाय त्याचा मला दुसरा अर्थ लागत नाही.

‘त्यांना दुखत नाही.’ हा त्या मजकुरातला सर्वांत घातक भाग आहे. दुखतं. सांगण्याची रीत वेगळी असते, आणि कधी ते उशिरा दाखवलं जातं. एखादा गप्प होतो, एखादा डोकं आपटतो, एखादी कपडे ओरबाडते, एखादा हसतोसुद्धा.

आमच्याकडे चाळिशीतला एक दादा आहे. बोलतो मोजकं, पणत्या रंगवण्यात हात कुणी धरणार नाही. घरी आजी मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायची, तिच्या शेजारी बसून तोही लहानपणापासून लावायला शिकला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, त्याला तेवढाच विरंगुळा. एका पावसाळ्यात त्याने भाकरी बाजूला सारायला सुरुवात केली. वरण-भात कालवून दिला तरच खायचा. दात घासायला गेलं की हात झटकायचा, आणि दुपारी स्वतःच्या डाव्या गालावर चापट्या मारून घ्यायचा. घरचे म्हणाले, हट्टी झालाय. ज्या डॉक्टरांकडे त्याच्या फिट्सच्या गोळ्या चालू होत्या त्यांनी ‘वर्तनसमस्या’ असं लिहून शांत राहण्याची गोळी वाढवली. तो खरंच शांत झाला. दिवसभर झोपू लागला. शेवटी एका दातांच्या डॉक्टर बाईंनी त्याच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसून, आधी स्वतःचा आ करून दाखवला आणि मग त्याच्या तोंडात टॉर्च मारला. डाव्या गालाच्या आत, तो मिश्री धरायचा तिथेच, कडा उचललेला व्रण होता. तो कॅन्सर निघाला.

तो बोलत नव्हता असं कुणी म्हणू नये. भाकरी सारून, गालावर मारून तो रोज एकच गोष्ट सांगत होता. पण त्याचं प्रत्येक वागणं आम्ही त्याच्या मतिमंदत्वाच्या खात्यात टाकत गेलो. जगभरचे डॉक्टर याच खोड्यात अडकतात, आणि निदान उशिरा होण्याचं हे एक मोठं कारण आहे. न बोलणाऱ्या व्यक्तीचं दुखणं ओळखायच्या निरीक्षण-याद्या उपलब्ध आहेत. चेहरा, झोप, खाणं, आवाज, अंग आखडणं अशा बाबी त्यात टिपायच्या असतात. यादी नसली तर साधी वही चालेल. नेहमी कसा वागतो हे आधी लिहून ठेवलेलं असलं, की काय बदललं ते डॉक्टरांपुढे ठेवता येतं.

‘तपासण्यांची गरज नाही, बायकांच्या तर नाहीच.’ इथे मला राग आवरत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर पाळीच्या दिवसांतली स्वच्छता त्यांना जमत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर तो प्रकार थांबला. पिशवी काढून टाकण्याचा विचार आजही कितीतरी घरांत होतो, पण त्या पिशवीच्या तोंडाची तपासणी करावी असं कुणाला सुचत नाही. ‘तिचं लग्न झालेलं नाही, तिला कशाला?’ असं म्हणतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो. आपल्या मुलींवर अत्याचार होतात, आणि झालेले त्यांना सांगता येत नाहीत, हे या गटांतल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. मग लग्न झालं नाही म्हणून धोका नाही, हे कुणाच्या भरवशावर म्हणायचं? एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात सर्वांत उपयोगी पडते. शाळांतून लसीकरण होतं तेव्हा विशेष शाळा यादीत आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारायलाच हवं.

तपासणी म्हणजे मोठी यंत्रंच, असंही नाही. टाटा मेमोरिअलने मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर दीर्घकाळ अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने स्तन तपासत, आणि गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे आपलं व्हिनेगर, लावून पाहत. या व्हिनेगर-चाचणीमुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, आणि हाताच्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी. सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे. आशाताई दारात येऊन त्याचा फॉर्म भरतात. त्या वेळी आतल्या खोलीत बसलेल्या पस्तिशीच्या मुलीचं नाव कुणी सांगत नाही. घरात किती माणसं असं विचारल्यावर तिला मोजायचं राहून जातं. पुढच्या वेळी तिचं नाव आपणहून सांगा. आतून करायची तपासणी एखादीला खरोखर सोसणार नाही, हे मान्य. पण तोंडात टॉर्च मारणं आणि आंघोळीच्या वेळी छाती-काखेवरून हात फिरवणं बहुतेकींना सोसतं.

‘उपचार सोसणार नाहीत.’ त्या दादाचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मास्क, तो टेबलाला अडकवलेला, खोलीत एकट्याने पडून राहायचं, आठवड्यातले पाच दिवस, जवळपास दीड महिना. ‘जमणार नाही’ असंच सगळे म्हणत होते. आम्ही कार्यशाळेत चटईवर सराव सुरू केला. आधी तोंडावर नुसता रुमाल, मग प्लॅस्टिकची जाळी, मग जाळी घालून शंभरपर्यंत आकडे ऐकायचे. आकडे त्याला येत नाहीत, पण शंभर म्हटलं की सुटका हे त्याला पक्कं कळलं. रेडिएशनच्या तंत्रज्ञांनी माइकवरून तसेच आकडे म्हटले, आणि एकही दिवस चुकला नाही. प्रत्येकाच्या बाबतीत असं जमेल असा माझा दावा नाही. पण आधी करून पाहायला हवं.

डाउन सिंड्रोममधल्या ल्युकेमियाचंही असंच आहे. लहान वयातला मायलॉइड प्रकार कमी मात्रेच्या औषधांनाही उत्तम प्रतिसाद देतो आणि बहुतेक मुलं बरी होतात. लिम्फोब्लास्टिक प्रकारात मेथोट्रेक्सेटसारखी केमोची औषधं त्यांना जास्त बाधतात, संसर्गाने जीव जाण्याचा धोकाही मोठा. म्हणून मात्रा आणि देखरेख वेगळी ठेवावी लागते. उपचार काळजीपूर्वक बेतावे लागतात एवढाच याचा अर्थ, ते सोडून द्यावेत असा नाही.

सोडून दिले की काय होतं ते इंग्लंडमध्ये जाहीरपणे नोंदलं गेलं आहे. मेन्कॅप या संस्थेने २००७ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या सहा जणांच्या मृत्यूंचा अहवाल मांडला. त्यात २६ वर्षांची एक कॅन्सरग्रस्त तरुणी होती. उपचार केले तर वाचण्याची शक्यता निम्मी होती, पण ती सहकार्य करणार नाही असं धरून डॉक्टरांनी उपचार केले नाहीत. पुढे सरकारी चौकश्या झाल्या. २०१३च्या चौकशीत असे पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षं आणि स्त्रिया २० वर्षं आधी मरतात, असं समोर आलं.

कधी उपचार न करणंच योग्य असतं, हे मी नाकारत नाही. आजार फार पुढे गेलेला असेल तर वेदना आटोक्यात ठेवणं हाच उपचार. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७पासून हेच काम करत आहे. मात्र तो निर्णय कॅन्सरची अवस्था बघून व्हायला हवा, दिव्यांगत्वाचं युडीआयडी कार्ड बघून नव्हे.

‘तशीही ही मुलं फार जगत नाहीत.’ ही जुनी माहिती आहे. अमेरिकेत १९८३ साली डाउन सिंड्रोम असलेली व्यक्ती सरासरी पंचविशीत जायची, आज ती साठीपर्यंत जगते. आपल्याकडेही केस पिकलेली मुलं कार्यशाळांत दिसू लागली आहेत.

‘समजणारच नाही.’ कॅन्सर हा शब्द समजणार नाही कदाचित. ‘इथे गाठ आहे, डॉक्टर काढणार, झोपेचं इंजेक्शन देणार, उठशील तेव्हा ताई शेजारी असेल’ हे बऱ्याच जणांना कळतं, चित्रं दाखवली तर आणखी. आपल्याला काय झालंय हे लपवल्यामुळे उलट भीती वाढते. घरात सगळे कुजबुजतात, आई रडते, केस गळतात, आणि त्यालाच काही सांगितलेलं नसतं.

कागदाची बाजू मात्र खरी अडचण आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमका तिचाच उल्लेख नाही. मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. मोठ्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही कुणाची, यावर रुग्णालय अडून बसू शकतं. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. याच न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचं संरक्षण १ लाखापर्यंत आहे, कॅन्सरला ते पुरत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतात, म्हणून शिधापत्रिकेवर त्याचं नाव आहे ना, हे आजच बघा. आणि ओपीडीच्या रांगेत तो बेचैन होऊन ओरडायला लागला, तर खिडकीवर दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६चं कलम २५ सांगा. तपासणीत आणि उपचारात प्राधान्य देण्याची तरतूद त्यात आहे. पालकत्वाच्या अर्जाला वेळ लागतो, त्यामुळे तो निदानाची वाट न बघता करून ठेवा.